उभ्या विमानाचं तेल

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. पेट्रोलमधल्या हायड्रोजनला हवेतला ऑक्सिजन मिळतो, त्याचं हे पाणी. वाफ होऊन ते धुराबरोबर निघून जातं म्हणून आपल्याला दिसत नाही. थंडीच्या सकाळी मोटारीच्या सायलेन्सरमधून थेंब टपकतात, ते हेच. शिकाऊ वैमानिक ज्यावर हात बसवतात त्या सेसना 172 चं इंजिन तासाला तीसेक लिटर पेट्रोल पितं. म्हणजे पाणीही तासाला तीसेक लिटर. त्यातलं बहुतेक सगळं एक्झॉस्टमधून बाहेर पडतं. पण पिस्टनच्या रिंगा कितीही घट्ट बसल्या तरी त्यांच्या कडेने थोडा वायू निसटतो आणि खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य पेटीत, उतरतो. सोबत वाफ, आम्लं, काजळी आणि शिसंही उतरतं. तिथे असतं फक्त साडेसात लिटर तेल. ही सगळी घाण त्याच्याच वाट्याला येते.

तेल नीट तापलं तर पाण्याची पुन्हा वाफ होते आणि ती ब्रीदरच्या नळीवाटे बाहेर जाते. तेलाच्या तापमानाचा काटा 82 अंश सेल्सिअसच्या आसपास असला की हे काम व्यवस्थित चालतं. पाणी तर 100 अंशांना उकळतं, मग 82 ला कसं? काटा कूलरमधून थंड होऊन आलेल्या तेलाचं तापमान दाखवतो. पुढे पिस्टन आणि बेअरिंगांवरून फिरताना तेच तेल बरंच जास्त तापतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टची लायकॉमिंग कंपनी ही इंजिनं बनवते. तिचं सांगणं असं की 30 दिवसांत निदान एकदा तरी विमान सलग तासभर उडवावं, आणि तेव्हा तेल 74 ते 93 अंशांत असावं.

उडवावं, नुसतं चालवू नये. बरेच दिवस विमान उभं राहिलं की जिवाला लागतं, म्हणून ते हँगरबाहेर ओढायचं, दहा मिनिटं इंजिन चालवायचं आणि परत आत लोटायचं, हा प्रकार अनेक ठिकाणी चालतो. तो प्रेमापोटीच होतो, आणि नेमका त्यानेच घात होतो. जमिनीवर इंजिनावर भार नसतो, त्यामुळे तेल पुरेसं तापत नाही. मात्र जळण होतं, म्हणजे नवं पाणी तेलात उतरतं. ते बाहेर पडायच्या आत आपण इंजिन बंद करतो. तेल भरायचं झाकण उघडल्यावर आतल्या बाजूला पिवळट साय धरलेली दिसली, तर ती तेल आणि पाणी घुसळून झालेली असते.

या पाण्याचा सगळ्यात वाईट मार बसतो कॅमशाफ्टला. झडपा उघडणारा हा दांडा लायकॉमिंगच्या या इंजिनांत क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, वर बसवलेला आहे. त्याच्या उंचवट्यांना तेल मिळतं ते मुख्यतः क्रँक गरगर फिरताना उडणाऱ्या शिंतोड्यांतून. इंजिन बंद झालं की त्यांच्यावरचं तेल हळूहळू निथळून खाली जातं. दोन-तीन आठवड्यांत उरतो तो अगदी पातळ थर. रात्री धातू गार होतो, आतल्या दमट हवेतलं पाणी त्यावर दवासारखं बसतं, त्यात आम्लं मिसळलेली असतात, आणि पोलादावर तांबूस ठिपका उमटतो. टाचणीच्या डोक्याएवढा असला तरी पुरे. पुढच्या वेळी इंजिन सुरू झालं की टॅपेट, म्हणजे उंचवट्यावर टेकून झडप ढकलणारा भाग, त्या ठिपक्यावर प्रचंड दाबाने घासतो. गंज निघतो आणि जागी खड्डा राहतो. या भागांचं फक्त वरचं कातडं कडक केलेलं असतं. ते एकदा फुटलं की पापुद्रे सुटू लागतात, उंचवटा झिजतो, झडप पूर्ण उघडत नाही आणि इंजिनाची ताकद कमी होते. कॅमशाफ्ट बदलायचा तर सगळे सिलिंडर काढून क्रँककेसचे दोन भाग वेगळे करावे लागतात. 2000 तास चालावं म्हणून बनवलेलं इंजिन निम्म्या आयुष्यात असं उघडावं लागलं, की त्याची नोंदवही मागे चाळत जावी. बहुतेक वेळा कुठेतरी उड्डाणं नसलेले सलग महिने सापडतात.

तेल बदलायचा नियम यातूनच आला. फिल्टर बसवलेल्या इंजिनाला 50 तास किंवा चार महिने, यातलं जे आधी होईल ते. तासांचं कोणी विसरत नाही, महिन्यांचं सहज राहून जातं. आपल्याकडे चार महिने म्हणजे अख्खा पावसाळा. बारामती किंवा धुळ्याला जूनमध्ये भरलेलं तेल सप्टेंबरअखेर पंचवीसच तास चाललेलं असेल आणि डिपस्टिकवर, म्हणजे तेल मोजायच्या पट्टीवर, सोन्यासारखं दिसत असेल, तरी ते काढायचंच. त्यातलं आम्ल आणि पाणी डोळ्यांना दिसत नाही. उलट रोज उडणाऱ्या विमानाचं तेल काळंकुट्ट होतं, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

ते काळं होतं, कारण घाण धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. पहिल्या महायुद्धातल्या रोटरी इंजिनांत चक्क एरंडेल वापरत. या इंजिनांचे सिलिंडर पंख्यासकट गरगरत, पेट्रोलमिश्रित हवा क्रँककेसमधूनच जाई, आणि एरंडेल पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही. ते एकदा वापरलं की बाहेर फेकलं जाई. त्या धुराने वैमानिकांची पोटं बिघडत, असं सांगतात. ‘कॅस्ट्रॉल’ हे नावही एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच पडलं. आजच्या विमानात मात्र राख न ठेवणारं, घाण तरंगती ठेवणारं खास तेल लागतं. मोटारीच्या तेलात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार असतात. विमानाचं इंजिन हवेने थंड होतं, त्याच्या फटी मोठ्या, त्यामुळे थोडं तेल सिलिंडरमध्ये जळतच राहतं. क्षारांची राख पिस्टनच्या माथ्यावर साचून लाल झाली, तर ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटतं आणि पिस्टनला भोक पडू शकतं. म्हणून गाडीचं तेल, कितीही महागडं असलं तरी, इथे चालत नाही.

शिशाची गोष्टही हीच. विमानाच्या 100 लो-लेड पेट्रोलमध्ये नाव ‘लो’ असूनही लिटरमागे 0.56 ग्रॅमपर्यंत शिसं असतं. 1990 च्या दशकात या इंजिनांसाठी पूर्ण कृत्रिम तेल बाजारात होतं. त्याला हे शिसं धरून ठेवता येईना, करडा गाळ आतच बसू लागला आणि ते मागे घ्यावं लागलं.

तेल बदलताना इंजिन गरम हवं, म्हणजे घाण तळाशी बसायच्या आत तेलाबरोबर निघते. मला यातला सगळ्यात आवडणारा भाग त्यानंतरचा. काढलेला फिल्टर फेकून न देता डबा उघडायच्या चाकूसारख्या कटरने कापतात. करवत चालत नाही, तिचाच कीस आत पडून फसगत होते. मग आतला घड्यांचा कागद कापून, पिळून, उन्हात पसरायचा आणि वाचायचा. चकाकणारे कण चुंबकाला चिकटले तर पोलाद, म्हणजे कॅम, टॅपेट किंवा गिअर. चिकटले नाहीत तर ॲल्युमिनियम किंवा बेअरिंगचा धातू. काळे ठिसूळ तुकडे निघाले तर जळलेल्या तेलाचा कोळसा. दोन-चार बारीक कण नेहमीचेच. चमचाभर धातू निघाला तर ते विमान त्या दिवशी उडत नाही.

डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांसाठी बाटलीभर तेल प्रयोगशाळेत जातं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी रेल्वेने डिझेल इंजिनांसाठी ही युक्ती वापरली, पुढे ती विमानांकडे आली. तेलातल्या लोह, क्रोमियम, तांबं यांचं प्रमाण दशलक्ष भागांत मोजतात. सिलिकॉन वाढलं तर हवेच्या फिल्टरमधून धूळ आत जाते आहे, हे कोरड्या उन्हाळी धावपट्टीवर हमखास आठवावं. एकाच अहवालावरून निष्कर्ष काढू नये. मागच्या चार-पाच अहवालांशी ताडून पाहिलं तरच काही कळतं.

इंजिन सुरू केल्यावर मात्र नजर एकाच काट्यावर हवी. 30 सेकंदांत तेलाचा दाब चढला नाही तर इंजिन बंद. उडताना इंजिनातलं तेल संपलं तर मिनिटंच हातात उरतात. 15 मे 1935 ला ऑस्ट्रेलियन वैमानिक चार्ल्स किंग्सफर्ड स्मिथचं तीन इंजिनांचं ‘सदर्न क्रॉस’ टास्मान समुद्रावर असताना उजवं इंजिन बंद पडलं आणि डाव्याचं तेल संपत आलं. सहवैमानिक पी. जी. टेलर वाऱ्याच्या माऱ्यात बाहेर पडला, पंखाखालच्या दांडीवरून बंद इंजिनापर्यंत गेला, थर्मासच्या आवरणात तेल काढून आणलं आणि दुसऱ्या बाजूने जाऊन डाव्यात ओतलं. असं त्याने सहा वेळा केलं, आणि विमान सिडनीला परतलं.

आज तसं बाहेर पडता येत नाही, म्हणून दर उड्डाणाआधी डिपस्टिक. सेसना 172 एस मध्ये 8 क्वार्ट (एक क्वार्ट म्हणजे लिटरहून किंचित कमी) मावतात आणि 5 च्या खाली उडायचं नाही. काठोकाठ भरलेलं वरचं तेल ब्रीदरमधून उडून विमानाचं पोट माखतं, म्हणून रोजच्या छोट्या उड्डाणांसाठी बरेचजण थोडं कमीच ठेवतात. लायकॉमिंगच्या सूत्राप्रमाणे 180 अश्वशक्तीचं इंजिन तासाला अर्ध्या लिटरहून थोडं अधिक तेल खाईपर्यंत मर्यादेत धरतात. चांगलं इंजिन याच्या कितीतरी कमी खातं. दहा तासांना एक क्वार्ट लागणाऱ्या इंजिनाला अचानक चार तासांतच लागू लागला, तर मर्यादेत आहे म्हणून गप्प बसू नये.

आणि विमान उडवणं शक्यच नसेल तर? तेव्हा गंजरोधक तेल भरून एक शेवटचं उड्डाण करतात, सिलिंडरमध्ये आतून तेल फवारतात, नळ्यांची तोंडं बंद करतात आणि पंख्यावर ‘फिरवू नये’ अशी पाटी टांगतात. हाताने पंखा फिरवला तरी सिलिंडरच्या भिंतीवरचा तेलाचा थर पुसला जातो. स्पार्क प्लगच्या जागी पारदर्शक प्लग बसवतात, त्यांत निळी सिलिका जेल असते. दमट हवा आत गेली की ती गुलाबी होते. पावसाळ्यात दर काही दिवसांनी काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं आवरण, उघडून पाहायचं आणि गुलाबी झालेला प्लग काढून निळा बसवायचा.