ब्रिटनचा सी बास आणि हौशी गळवाले

हौसेने गळ टाकणाऱ्यांना फक्त मासा हवा असतो, तो टिकला काय नि संपला काय, असं सर्रास बोललं जातं. ब्रिटनच्या सी बास या समुद्री माशाची हकिकत याच्या अगदी उलट आहे. तिथे किमान ३६ सेंटिमीटर लांबीचा बास पकडायला परवानगी होती. मादी मात्र साधारण ४२ सेंटिमीटरची झाल्यावरच अंडी घालते. म्हणजे एकदाही वीण न झालेले मासे कायदेशीरपणे बाजारात येत होते! त्यात बास वाढतो फार सावकाश. माप वाढवा, हा आग्रह हौशी गळवाल्यांनीच वर्षानुवर्षं धरला. २०१५मध्ये युरोपीय संघाने ते ४२ सेंटिमीटर केलं. त्याच वर्षी या गळवाल्यांवरही माणशी दिवसाला ३ माशांची मर्यादा आली.