गाडी ओढते, टायर खाते? मशीनवर चढवण्याआधी एवढं बघा
खाली बसवलेली पद्मिनी, उचललेली जीप आणि बदल केलेल्या इतर जुन्या गाड्यांच्या मालकांसाठी, आमच्या चिपळूणच्या गॅरेजतर्फे

गाडी एका बाजूला ओढायला लागली की बहुतेक मालक ती थेट अलाइनमेंटला (मशीनवर चाकांचे कोन जुळवायला) नेतात. आमच्या मते मशीनचं काम सगळ्यात शेवटी. जोड ढिले असताना केलेलं अलाइनमेंट पुढच्या मोठ्या खड्ड्यापर्यंत टिकतं. शिवाय कंपनीचे आकडे गाडीच्या मूळ उंचीसाठी असतात. स्प्रिंग कापल्यावर ते आकडे जसेच्या तसे लावून चालत नाहीत.

सुरुवात टायरपासून करा. पुढच्या टायरवर तळहात आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एकीकडे गुळगुळीत लागलं आणि उलट जाताना रबराच्या कडा बोचल्या, तर टो (चाकं पुढून किती आत किंवा बाहेर वळलीत ते) बिघडलाय. फक्त आतली कड झिजली असेल तर चाक वरून आत झुकलंय, म्हणजे कॅम्बर. टायरवर ठिकठिकाणी खळगे पडले असतील तर संशय शॉकअपवर घ्या. दोन्ही कडा सारख्या झिजल्या असतील तर बहुतेक वेळा हवाच कमी असते.

मग पुढचे दोन टायर आपसांत बदला. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा. नाही गेली, तर थोडं फिरवून आणून ड्रमजवळ हात न्या (चिकटवू नका, भाजेल). एकच बाजू जास्त तापली असेल तर ब्रेक धरतोय.

आता चाक जॅकवर घ्या, गाडीखाली स्टँड लावा. चाक वर-खाली धरून हलवा. प्ले (ढिलेपणा) लागला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर पद्मिनीत बहुधा किंगपिन (पुढचं चाक ज्या पिनेवर वळतं ती). डावी-उजवीकडे हलवल्यावर प्ले आला तर टायरॉड एंड (स्टेअरिंगच्या दांड्याचा चाकाकडचा सांधा) आणि स्टेअरिंग बॉक्स तपासावा लागतो. जुलै 2021 च्या पुरात जी गाडी पाण्यात होती आणि तेव्हापासून ग्रीस बदललेलं नाही, तिचं हे काम आधी करून घ्या. ग्रीसमध्ये बसलेला गाळ पिन आणि बेअरिंग खातच राहतो.

मागच्या कमानींकडे (पाट्यांच्या स्प्रिंगकडे) कोणी बघत नाही, आणि आपल्याकडे खाऱ्या हवेचा पहिला मार तिथेच बसतो. यू-बोल्ट गंजून ढिले झाले, सेंटर बोल्ट तुटला, की एक्सल पाट्यावरून सरकतो. मग स्टेअरिंग सरळ धरलं तरी गाडी तिरकी चालते, आणि पुढचं अलाइनमेंट कितीही केलं तरी उपयोग नाही. चाकं सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी टेपने मोजा. ठळक फरक दिसला तर गाडी आधी आमच्याकडे आणा.

बदलांचं म्हणाल तर, पद्मिनी खाली बसवली की कॅम्बर बदलतो आणि टायरॉडचा कोन बिघडतो. कुंभार्ली घाटात एका चाकाखाली उंचवटा आला की स्टेअरिंग न फिरवता गाडी दिशा सोडते, ती यामुळे. टो कितीही सेट केला तरी हे जात नाही. उंची थोडी परत वाढवावी लागते, आणि आम्ही ते स्पष्ट सांगतो. बाहेर निघालेल्या मॅगव्हीलने स्टेअरिंग जड होतं आणि बेअरिंगवर भार वाढतो. जीपचे पुढचे शॅकल (कमान चेसीला जोडणाऱ्या पट्ट्या) लांब केले तर एक्सल फिरून कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) बदलतो. वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येत नसेल तर एक्सल आणि कमानीमध्ये पाचर बसवून तो दुरुस्त करता येतो.

रबरी बुश नवीन टाकले असतील तर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायला सांगा. चाकं लोंबकळत असताना आवळलेला बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

येताना डिकीतलं जास्तीचं सामान काढून ठेवा, चारही टायरमध्ये हवा भरून घ्या, आणि स्प्रिंग, चाकं, शॉकअप यांत काय काय बदललंय ते कागदावर लिहून आणा. कापलेली स्प्रिंग असेल तर तेही लिहा. त्यावरूनच कोणते आकडे ठेवायचे ते ठरतं.