पिन डोक्यात, ठसा बोटावर

धुळ्याच्या आग्रा रोडवर फोन दुरुस्तीला आलेलं, पिन विसरलेलं गिऱ्हाईक हटकून म्हणतं, "कंपनीकडे ते चाबी ऱ्हासच ना भाऊ?" नसते. दुकानदार फोन फॉरमॅट करून देतो, फोन चालू होतो आणि लग्नाचे फोटो जातात. गंमत म्हणजे तुमचा पिन हीसुद्धा खरी चाबी नव्हे.

फोनमधला डेटा बहुधा एईएस नावाच्या सांकेतिकीकरणाच्या (एन्क्रिप्शनच्या) पद्धतीने कुलूपबंद असतो. तिच्या 256 बिटच्या, म्हणजे 0 किंवा 1 अशा 256 अंकांच्या, चाबीच्या शक्यता 2 चा 256 वा घात, म्हणजे 78 आकडी संख्या. ही यादृच्छिक चाबी फोन स्वतःच बनवतो. मग तुमचा पिन आणि फोनच्या मुख्य चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला गुप्त आकडा एकत्र घुसळून दुसरी चाबी तयार होते, आणि तिच्यात पहिली कोंडली जाते; कपाटात लॉकरची चाबी ठेवावी तशी. म्हणून मेमरी चिप काढून दुसऱ्या फोनला लावली तरी हाती काही लागत नाही. ही घुसळण मुद्दाम संथ ठेवतात. आयफोनमध्ये एका प्रयत्नाला सुमारे 80 मिलिसेकंद. तरीही चार आकडी पिनच्या 10,000 शक्यता 800 सेकंदांत संपतील, सहा आकडीच्या 10 लाख साधारण 22 तासांत. म्हणून तर पिन चुकत गेला की फोन ताटकळत ठेवतो. अंकशास्त्र्याला विचारून 'शुभ' पिन ठेवणारे मात्र चोराचंच काम हलकं करतात, आणि 'मिलिटरी ग्रेड' सुरक्षेच्या जाहिरातींचं 1234 पुढे काही चालत नाही.

बोटाच्या ठशातून चाबी बनत नाही. सेन्सरला बोट दर वेळी किंचित वेगळं दिसतं, आणि या गणितात एक बिट बदलला तरी उत्तर पार बदलतं. पिनने एकदा फोन उघडला की चाबी चिपच्या सुरक्षित भागात हजर राहते. ठसा जुळला की फोन ती वापरू देतो, एवढंच. रीस्टार्ट केलं की ती तिथून जाते.

पोलिसांनी फोन उघडायला सांगितलं की पिन आणि ठशातला हा फरक कायद्यातही येतो. राज्यघटनेचं कलम 20(3) आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करू देत नाही. बोटांचे ठसे देणं ही साक्ष नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये ठरवलं. 2010 मध्ये संमतीशिवाय नार्को चाचणी नाकारली. पिनवर अजून एकमत नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने 2021 मध्ये पासवर्ड देणं साक्ष मानलं नाही. दिल्लीच्या विशेष सीबीआय न्यायालयाने 2022 मध्ये उलट सांगितलं: पासवर्डची सक्ती नाही, ठसा घेता येईल. मला दिल्लीचं पटतं. ब्रिटनमध्ये 2000 च्या कायद्याने चाबी न देणं हाच गुन्हा आहे, शिक्षा 2 वर्षांपर्यंत, राष्ट्रीय सुरक्षेच्या प्रकरणात 5. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69 खाली मदत नाकारल्यास 7 वर्षांपर्यंत कैद आहे, पण तो आदेश सहसा गृहसचिवांचा लागतो. चौकातल्या हवालदाराने "फोन उघड" म्हणणं म्हणजे कलम 69 नव्हे.

ठशाच्या सवलतीला मुदतही आहे. आयफोन 48 तास उघडला नाही, तर ठसा नाकारून पिन मागतो. त्यामुळे ठशासाठी कोर्टाचा कागद हाती येईपर्यंत मामला पुष्कळदा पिनवरच येऊन ठेपलेला असतो.