लाइनरच्या भिंतीवरच्या तिरक्या रेघा

जुन्या गाडीच्या इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवलं की सिलिंडरच्या वरच्या काठाजवळ नख फिरवून पाहावं. नख एका बारीक कंगोऱ्याला अडतं. पिस्टनभोवतीची वरची कडी, म्हणजे रिंग, तिथवर पोचत नाही, म्हणून तेवढा भाग मूळ मापाचा राहतो. खालची भिंत मात्र झिजलेली असते.

सर्वांत जास्त झीज या कंगोऱ्याच्या लगेच खाली होते. पिस्टन वर येऊन उलटा फिरतो तेव्हा क्षणभर त्याचा वेग शून्य होतो आणि रिंगेखालचा तेलाचा पापुद्रा तुटतो. त्याच सुमारास जळत्या वायूचा दाब रिंगेला भिंतीवर रेटत असतो. शिवाय तिरक्या कनेक्टिंग रॉडमुळे पिस्टन एका बाजूला जास्त दाबला जातो. त्यामुळे बोअर, म्हणजे सिलिंडरचं आतलं भोक, वर रुंद, खाली अरुंद आणि लंबगोल होतं. एकाच जागी बोअर गेज (आतला व्यास मोजायचं साधन) लावून ही झीज कळत नाही. वर, मध्ये, खाली, आणि दर ठिकाणी दोन दिशांना मोजावं लागतं.

झिजलेल्या भिंतीच्या जागी नवा लाइनर, म्हणजे सिलिंडरची आतली नळी, घालता येतो. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये ठोकून बसवलेला कोरडा लाइनर (ज्याला थंड करणारं पाणी थेट लागत नाही) बसताना किंचित वाकडा होतो, म्हणून बोअरिंग, म्हणजे भोक आतून कातून मापात आणणं, तो बसवल्यावरच करायचं. बोअरिंगमध्ये भिंत सरळ आणि गोल होते, पण शेवटचे काही शतांश मिलिमीटर होनिंगसाठी, म्हणजे दगडांनी घासण्यासाठी, राखून ठेवतात. होनिंगचे दगड फिरता फिरता वरखाली होतात आणि भिंतीवर तिरक्या रेघांची जाळी उमटते. माझ्या मते सगळ्या कामाचा जीव या जाळीत आहे. आरशासारख्या भिंतीवर तेल ठरत नाही आणि नव्या रिंगा भिंतीशी जुळून बसत नाहीत. रेघा एकमेकींना साधारण 45 अंशांत छेदतात. त्या फार उभ्या झाल्या तर तेल खाली ओघळून जातं.

आता पिस्टन आणि भिंत यांच्यातल्या फटीचा हिशेब. 80 मिलिमीटर व्यासाचा ॲल्युमिनियमचा पिस्टन 100 अंश सेल्सियसने तापला तर सुमारे 0.18 मिलिमीटर फुगतो. ओतीव लोखंडाचा लाइनर तेवढाच तापून 0.09 च्या आसपासच वाढतो, म्हणजे धावताना फट कमी होत जाते. होन करतानाही लाइनर तापतो. त्याच गरमीत मोजलं तर बोअर मोठं दिसतं, गार झाल्यावर ते आवळतं आणि पुढे पिस्टन जाम होऊ शकतो. म्हणून गार होईपर्यंत थांबायचं. प्रत्येक बोअर त्याच्याच पिस्टनच्या मापाला जुळवायचं.

राहिली धुलाई. रॉकेलने वरवर पुसलं तर दगडाची बारीक पूड रेघांतच राहते आणि नव्या रिंगा घासते. गरम पाणी, साबण आणि ब्रश घ्यायचा. मग पांढरं फडकं आत फिरवायचं. ते करडं झालं तर पुन्हा धुवायचं, आणि स्वच्छ निघालं की भिंत कोरडी करून लगेच तेल लावायचं, कारण उघड्या लोखंडावर गंज पाहता पाहता चढतो.