ऑक्सिजनविना बेंझिनचे कडे फुटत नाही?

फिनॉल, क्रेसॉलसारखी ॲरोमॅटिक संयुगे, म्हणजे सहा कार्बनचे बेंझिनचे कडे असलेली संयुगे, ऑक्सिजनशिवाय कुजतच नाहीत, बायोगॅसच्या टाकीत ती फक्त सूक्ष्मजीव मारतात, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. हे खरे नाही. टार्विन आणि बसवेल या संशोधकांनी १९३४ मध्येच बेंझोएटपासून, म्हणजे असेच कडे असलेल्या संयुगापासून, ऑक्सिजनविना मिथेन मिळवून दाखवला होता.

फिनॉलला आधी कार्बन डायऑक्साइड जोडला जातो, पुढे बेंझॉइल-कोएन्झाइम-ए हे मधले संयुग तयार होते. मग इलेक्ट्रॉन देऊन त्या कड्याची घट्ट पकड सैल केली जाते आणि ते उघडते. शेवटी उरतात ॲसिटेट (व्हिनेगरमधल्या आम्लाचे रूप) आणि हायड्रोजन. हा हायड्रोजन मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांनी लगेच उचलला नाही, तर सगळी साखळीच अडते. ही भागीदारी खरोखर विलक्षण आहे.

भीती अगदीच निराधार नाही. एकदम जास्त फिनॉल आले तर पेशींचे पटल गळू लागते, आम्ले साचतात, गॅस घटतो. मात्रा हळूहळू वाढवली तर बऱ्याचदा तीच टाकी ते पचवू लागते.