हळू बोला, पण बाराशे जणांनी एकदम बोला

“फुल रेंज दाखवतंय, तरी व्हिडिओ गोल गोल फिरत का बसतो?” मी रेडिओ लहरींवर काम करतो हे कळलं की समोरचा माणूस हा प्रश्न विचारतोच. प्रश्नामागचं चित्र साधारण असं असतं: टॉवर म्हणजे पाण्याची टाकी, रेंज म्हणजे नळाचा दाब, आणि दाब असेल तर धार जोरात यायलाच हवी. पण फोनवरच्या काड्या एवढंच सांगतात की टॉवरचा ठरावीक ओळखीचा सिग्नल किती मोठ्याने ऐकू येतोय. किती मोठ्याने ऐकू आला की किती काड्या, हेही प्रत्येक फोन कंपनी आपापल्या मनाने ठरवते. या प्रश्नाकडे मी परत येईनच. त्याआधी मला ज्या गोष्टीचं आजही अप्रूप वाटतं ती सांगू दे. इतक्या गोंगाटातून फोनला काही कळतं, ते कसं?

टॉवर फोनला थेट दिसतो असे प्रसंग थोडे. लहर भिंतीवर आपटते, काचेवरून परतते, डोंगराला, ट्रकला धडकून येते, आणि एकाच संदेशाच्या कित्येक प्रती वेगवेगळ्या वाटांनी फोनपाशी पोचतात. रेडिओ लहर एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, ३०० मीटर जाते. त्यामुळे ३०० मीटरचा वळसा घालून आलेली प्रत एक मायक्रोसेकंद उशिरा येते. उंच घुमट असलेल्या रिकाम्या सभागृहात कुणी बोलताना ऐकलंय? सावकाश बोलणाऱ्याचं कळतं. भरभर बोलणाऱ्याचा मागचा शब्द अजून घुमत असतो तोवर पुढचा येतो आणि सगळ्याचा काला होतो.

आपल्याला तर भरभरच बोलायचं असतं. समजा, वारंवारतांचा २० मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा हाताशी आहे आणि त्यात आपण एकामागून एक खुणा पाठवतो आहोत, सेकंदाला सुमारे दोन कोटी. एका खुणेच्या वाट्याला ०.०५ मायक्रोसेकंद येतो, आणि तेवढ्यात लहर जेमतेम १५ मीटर सरकते. म्हणजे ३०० मीटर फिरून आलेला प्रतिध्वनी तब्बल वीस खुणा मागे पडतो आणि तोवर पुढे गेलेल्या विसाव्या खुणेवर येऊन बसतो. थ्रीजीमध्ये यावर एक उपाय होता. वेगवेगळ्या प्रतिध्वनींवर वेगवेगळी ‘बोटं’ ठेवायची आणि सगळ्यांची बेरीज करायची. लहरी पकडणाऱ्या या रिसीव्हरचं नावच ‘रेक’, म्हणजे दाताळं. पण पट्टा रुंद होत गेला तसतशी ती बोटं वाढवणं जड जाऊ लागलं.

मग उलटी वाट धरली गेली. हळू बोलायचं, पण पुष्कळांनी एकाच वेळी बोलायचं. फोरजीच्या २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात १२०० बारीक वाहक, म्हणजे वेगवेगळ्या वारंवारतेच्या लहरी, असतात. त्यांना सब-कॅरिअर म्हणतात. शेजारच्या दोघांत अंतर १५ किलोहर्ट्झ, आणि प्रत्येक जण आपली एक खूण, म्हणजे एक सिम्बॉल, ६६.७ मायक्रोसेकंदांपर्यंत धरून ठेवतो. तेवढ्या वेळात लहर २० किलोमीटर जाते. आता एक मायक्रोसेकंद उशिरा आलेला प्रतिध्वनी खुणेचा फक्त दीड टक्का बिघडवतो. या पद्धतीचं नाव ओएफडीएम.

इथे कुणीही हुशार विद्यार्थी हात वर करेल. इतक्या दाटीत बाराशे जण एकदम बोलले तर एकमेकांत मिसळणार नाहीत का? रेडिओ केंद्रांमध्ये मोकळी जागा सोडतात, ती उगाच का? उत्तर शाळेतल्या त्रिकोणमितीत आहे. १५ किलोहर्ट्झ आणि ६६.७ मायक्रोसेकंद हे दोन आकडे एकमेकांचे व्यस्त आहेत. त्यामुळे ६६.७ मायक्रोसेकंदांच्या या खिडकीत प्रत्येक सब-कॅरिअर पूर्ण आवर्तनं करतो: एक जण ११, शेजारचा १२, त्यापलीकडचा १३. मला अकराव्याचं ऐकायचं असेल तर आलेल्या सगळ्या मिश्रणाला मी ११ आवर्तनांच्या लहरीने गुणतो आणि खिडकीभर बेरीज घेतो. अकराव्याचा स्वतःशी गुणाकार म्हणजे वर्ग. तो कधी ऋण होत नाही, म्हणून बेरीज भरघोस येते. बाराव्याचं काय? दोन साइन लहरींचा गुणाकार म्हणजे दोन कोसाइन लहरींची वजाबाकी, एक फरकाची आणि एक बेरजेची. इथे एक लहर १ आवर्तनाची आणि दुसरी २३ आवर्तनांची. दोन्ही खिडकीत पूर्ण बसतात, म्हणजे अक्षाच्या वर जितकं क्षेत्रफळ तितकंच खाली. बेरीज बरोब्बर शून्य. बारावा कितीही मोठ्याने ओरडला तरी अकराव्याचं ऐकताना तो नसल्यासारखाच. दोन लंब रेषांची एकमेकींवर सावली पडत नाही, तसंच हे नातं. ओएफडीएममधला ‘ओ’ म्हणजे ऑर्थोगोनल, तो यासाठीच.

ही कल्पना बेल लॅब्समधल्या रॉबर्ट चँग यांनी १९६६ मध्ये मांडली. पण बाराशे वेगवेगळे ऑसिलेटर, म्हणजे लहर निर्माण करणारी सर्किटं, एका खोक्यात बसवणार कोण? १९७१ मध्ये स्टीफन वाइनस्टाइन आणि पॉल एबर्ट यांनी दाखवलं की ऑसिलेटरांची गरजच नाही, हे सगळं फूरिए रूपांतराच्या, म्हणजे मिश्रणातल्या वारंवारता वेगळ्या काढायच्या, गणिताने होतं. आणि ते गणित झपाट्याने करायची रीत, एफएफटी, जेम्स कूली आणि जॉन टुकी यांनी १९६५ मध्येच दिली होती. २०४८ बिंदूंचं रूपांतर सरळ पद्धतीने करायचं तर सुमारे ४२ लाख गुणाकार लागतात, एफएफटीने सुमारे ११ हजार. खिशातला फोन हे गणित सेकंदाला १४ हजार वेळा करतो.

राहिला तो दीड टक्का. तो किरकोळ वाटतो, पण सगळा डोलारा ‘पूर्ण आवर्तनं’ या अटीवर उभा आहे. दोन सिम्बॉलांमध्ये थोडी शांतता ठेवली तर? आधीच्याचा प्रतिध्वनी त्या शांततेत विरून जाईल, हे खरं. पण चालू सिम्बॉलची उशिरा आलेली प्रत खिडकीत उशिरा सुरू होते, आणि तिचं शेपूट खिडकीबाहेर राहतं. बाराव्याची १२ आवर्तनं पुरी भरत नाहीत. बेरीज शून्य येत नाही, आणि बारावा अकराव्याच्या कानात कुजबुजू लागतो.

१९८० मध्ये अब्राहम पेलेड आणि अँटोनियो रुइझ यांनी यावर जो तोडगा दिला, तो मला पहिल्यांदा समजला तेव्हा मी वही मिटून नुसता बसून राहिलो होतो. शांतता ठेवूच नका. सिम्बॉलचं शेवटचं शेपूट कापून, त्याची नक्कल सिम्बॉलच्या आधी लावा. लहरीची आवर्तनं पूर्ण असल्याने तिचा शेवट तिच्या सुरुवातीला बिनसांध्याचा जुळतो. जणू लहर थोडी आधीच सुरू झाली. हा सायक्लिक प्रीफिक्स. फोरजीत तो साधारण ४.७ मायक्रोसेकंदांचा असतो. आता १४०० मीटरपर्यंत जास्तीचा वळसा घेऊन आलेली कोणतीही प्रत घ्या, खिडकीत तिची १२ च्या १२ आवर्तनं हजर असतात. बदलते ती फक्त सुरुवातीची जागा, म्हणजे कला. आणि एकाच वारंवारतेच्या कितीही लहरी मिसळल्या तरी बनते ती त्याच वारंवारतेची लहर, उंची आणि कला तेवढी निराळी.

म्हणजे भिंती, काचा, डोंगर, ट्रक या सगळ्यांचा मिळून परिणाम प्रत्येक सब-कॅरिअरपुरता दोन आकड्यांवर आला! टॉवर अधूनमधून ठरलेल्या जागी आधीच माहीत असलेल्या खुणा पाठवतो. फोन त्यावरून हे दोन आकडे काढतो आणि एका भागाकारात प्रतिध्वनी धुऊन टाकतो. किंमत? सुमारे सात टक्के वेळ आपण जे प्रसारित करतो, ते ऐकणारा फोन न वाचताच फेकून देतो. याहून स्वस्त सौदा मला माहीत नाही.

आता काड्यांकडे. टॉवरकडे खरं म्हणजे चौकोनांची वही असते. आडवी वेळ, उभे सब-कॅरिअर. २० मेगाहर्ट्झमध्ये दर मिलिसेकंदाला १२०० गुणिले १४, म्हणजे १६,८०० चौकोन. सिग्नल स्वच्छ असेल तर एका चौकोनात ६ बिट मावतात. हिशेब केला तर सेकंदाला सुमारे १० कोटी बिट. दोन-दोन अँटेना वापरल्या तर दुप्पट, आणि ओळखीच्या खुणा, आदेश, चुका दुरुस्त करायचे जादा बिट वजा जाता उरतात साधारण १५ कोटी. हे टॉवरच्या त्या बाजूच्या सगळ्या फोनांना मिळून. शेड्युलर नावाचा प्रोग्रॅम दर मिलिसेकंदाला ठरवतो की कोणते चौकोन कुणाला. शेजारी शंभर जण व्हिडिओ पाहत असतील तर काड्या भरलेल्याच राहतील, पण चौकोन वाट्याला येणार नाहीत. शेजारचा टॉवर त्याच वारंवारतेवर बोलत असेल तर आवाज मोठा असूनही स्वच्छ नसतो, आणि मग सहाऐवजी दोनच बिट मावतात.

शेड्युलर आणखीही एक चतुराई करतो. एक मायक्रोसेकंदाच्या प्रतिध्वनीमुळे पट्ट्यात दर एक मेगाहर्ट्झला एक खड्डा पडतो, आणि प्रत्येक फोनचे खड्डे वेगळ्या जागी असतात. फोन आपले चांगले-वाईट तुकडे कळवतो, आणि जो तुकडा एकासाठी मेलेला तो ज्याच्यासाठी जिवंत आहे त्याला दिला जातो.

फोनच्या पाठीला चिकटवायचे ‘रेडिएशन शोषणारे’ स्टिकर विकले जातात, त्याबद्दल इथेच बोलतो. फोनची जास्तीत जास्त प्रक्षेपणशक्ती सुमारे ०.२ वॅट, आणि तीही गरज असेल तेव्हाच. स्टिकरने लहरी खरोखर अडवल्या तर क्षीण आवाज ऐकून टॉवर फोनला जोर वाढवायला सांगेल, म्हणजे हेतूच्या नेमकं उलट. एप्रिल २०२० मध्ये ब्रिटनमध्ये फाइव्हजीमुळे कोरोना पसरतो या अफवेपायी लोकांनी टॉवर पेटवले. लहरींवरून विषाणू पसरत नाही, आणि अणूंची मोडतोड करण्याइतकी ऊर्जाही या लहरींकडे नसते. अणूतून इलेक्ट्रॉन उपटायला साधारण १० इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते, आणि ३.५ गिगाहर्ट्झच्या फोटॉनकडे, म्हणजे लहरीच्या ऊर्जेच्या एका कणाकडे, त्याच्या सुमारे सात लाखाव्या भागाइतकी असते. अशा अफवांनी जळाली ती आजारपणात मदत मागायची साधनं.

फाइव्हजीच्या जाहिराती ऐकून पायाच बदलला असं वाटतं. पाया हाच ओएफडीएम आहे. बदललं ते माप. १५ किलोहर्ट्झचं अंतर काही दगडावरची रेघ नव्हती. सब-कॅरिअर जवळ आणले तर सिम्बॉल लांबतो, प्रतिध्वनी आणखी बिनधास्त सोसता येतात, पण गाडी वेगात असली की डॉप्लर परिणामाने वारंवारता सरकते आणि आवर्तनं पूर्ण असण्याची अट मोडू लागते. ताशी १२० किलोमीटर वेगाला २ गिगाहर्ट्झची लहर सुमारे २२० हर्ट्झ सरकते, १५ किलोहर्ट्झपुढे हे सहज खपतं. फाइव्हजीत हेच अंतर ३०, ६०, १२० किलोहर्ट्झ असं निवडता येतं.

उलट दिशेचा, म्हणजे फोनकडून टॉवरकडे जाणारा रस्ता जास्त अवघड. पुष्कळ लहरींची शिखरं कधीतरी एकदम जुळतात, ते उंच टोक न कापता पाठवायला ॲम्प्लिफायर मोठा लागतो आणि तो बॅटरी खातो. म्हणून फोरजीत फोन आपली माहिती आधी अशी मिसळतो की बाहेर पडणारी लहर एकाच वाहकासारखी दिसते. शिवाय सगळ्या फोनांचे आवाज टॉवरपाशी एकाच खिडकीत पोचायला हवेत, नाहीतर ऑर्थोगोनल नातं तिथे तुटेल. जो लांब आहे त्याने आधी बोलायचं. किती आधी, ते टॉवर सांगतो, ०.५२ मायक्रोसेकंदांच्या पायऱ्यांमध्ये. जाण्यायेण्याचा हिशेब धरला तर एक पायरी म्हणजे ७८ मीटर. ताशी ६० किलोमीटरने टॉवरपासून सरळ लांब जाणाऱ्या गाडीत कुणी फोनवर बोलत बसलेलं असतं, आणि त्याच्या हातातला फोन दर पावणेपाच सेकंदांच्या आसपास अर्धा मायक्रोसेकंद आधी बोलायला लागलेला असतो.