वक्रापासून त्रिकोणापर्यंत : कॅड मॉडेल गेम इंजिनात नेण्याची पार्श्वभूमी

गिअरबॉक्सचे कॅड मॉडेल (संगणकावर केलेला अभियांत्रिकी आराखडा) गेम इंजिनात, म्हणजे युनिटी किंवा अनरीलसारख्या गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडले की ठरलेल्या तक्रारी सुरू होतात. मॉडेल हजारपट मोठे दिसते किंवा आडवे पडलेले असते, काही पत्रे एका बाजूने गायब असतात, दोन पृष्ठभागांच्या सांध्यातून पलीकडचा उजेड झिरपतो आणि फ्रेम रेट कोसळतो. खापर एक्स्पोर्टवर फुटते. खरे तर यातली जवळजवळ प्रत्येक अडचण कधीकाळी दुसऱ्याच कामासाठी घेतलेल्या योग्य निर्णयातून आली आहे. तो निर्णय कळला की दुरुस्ती कुठे करायची तेही कळते.

कॅडचे मूळ मोटारींच्या पत्र्यात आहे. १९५९मध्ये सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेलजो आणि पुढे रेनोमध्ये पिएर बेझिए एकाच प्रश्नामागे लागले होते: बॉडीचा वक्र आकड्यांत असा कसा बांधायचा, की साचा कापणाऱ्या यंत्राला तो हुबेहूब मिळेल? १९७५च्या केन व्हर्सप्रिल यांच्या प्रबंधाने नर्ब्ज या वक्रांच्या गणिताचा पाया घातला आणि वर्तुळ, दंडगोल व मोकळे वक्र एकाच गणितात बसले. त्याच दशकात केंब्रिजमध्ये इयन ब्रेड यांनी बी-रेपचे काम पुढे नेले. बी-रेपमध्ये घन वस्तू म्हणजे तिचे पृष्ठभाग, त्यांच्या कडा आणि कोण कोणाला लागून आहे याची नोंद. आज वापरात असलेली पॅरासॉलिड आणि एसिस ही कर्नल, म्हणजे कॅडमधले भूमितीचे गणित करणारे गाभे, याच परंपरेतली. यात त्रिकोण कुठेच नाहीत. पडद्यावर दिसणारे त्रिकोण तेवढ्यापुरते बनवलेले असतात.

गेमची बाजू युटा विद्यापीठातून आली. १९७१मध्ये आंरी गुरो यांनी बहुभुजाच्या कोपऱ्यांवरचा प्रकाश मोजून तो मधल्या भागात पसरवायची युक्ती दिली. फाँग यांनी प्रकाशाऐवजी नॉर्मलच (पृष्ठभागाला लंब असलेली दिशा) पसरवला, तर १९७४मध्ये एड कॅटमल यांनी पृष्ठभागावर चित्र चिकटवण्याची पद्धत मांडली. या सगळ्यामागे एकच भूमिका होती: आकार अचूक नसला तरी चालेल, डोळ्याला तो गोल वाटला पाहिजे. १९९९च्या जीफोर्स २५६ने शिरोबिंदूंचे (त्रिकोणांच्या कोपऱ्यांचे) गणितही घरगुती ग्राफिक्स कार्डात आणले आणि त्रिकोण हेच हार्डवेअरचे खाद्य ठरले.

या दोन परंपरांमधला पहिला मोठा पूल गेमसाठी बांधलेलाच नव्हता. १९८७चा एसटीएल फॉरमॅट स्टिरिओलिथोग्राफीच्या, म्हणजे त्रिमितीय छपाईच्या, यंत्रासाठी होता. त्याच्या बायनरी फाइलमध्ये ८० बाइटचे शीर्षक, ४ बाइटमध्ये त्रिकोणांची संख्या आणि पुढे प्रत्येक त्रिकोणाला ५० बाइट: एक नॉर्मल, तीन कोपरे आणि दोन उरलेले बाइट. मोजमापाचे एकक, भागाचे नाव, असेंब्लीची रचना यांना जागाच नाही. सामाईक कोपराही प्रत्येक त्रिकोणात नव्याने लिहिला जातो. छपाईला एवढे पुरते. गेमसाठी एसटीएल निवडणे म्हणजे पुढे लागणारी बहुतेक माहिती दारातच टाकून देणे.

कॅड ते कॅड देवाणघेवाणीसाठी १९८०मध्ये इजेस आला. त्यात मॉडेल बहुधा सुट्या पृष्ठभागांच्या ढिगासारखे येई, शेजार पुन्हा शिवावा लागे. १९९४मध्ये स्टेप, म्हणजे आयएसओ १०३०३, प्रसिद्ध झाले आणि शेजाराची नोंद व असेंब्लीची उतरंड टिकू लागली. मात्र एपी २०३ या स्टेपच्या शाखेच्या पहिल्या आवृत्तीत रंग नव्हते. ते एपी २१४ने आणले. बऱ्याच जुन्या फाइली आजही नुसत्या राखाडी उघडतात, त्या म्हणूनच. २०१४च्या एपी २४२मध्ये या दोन्ही शाखा एकत्र आल्या, त्यामुळे निवड हातात असेल तर तोच मागावा.

सांध्यातून झिरपणाऱ्या उजेडाचे कारण मात्र फाइल फॉरमॅटच्या खाली आहे. दोन द्वित्रिघाती (दोन्ही दिशांना तिसऱ्या घाताचे) पृष्ठभाग एकमेकांना छेदतात, तेव्हा छेदाच्या वक्राचा घात सर्वसाधारणपणे ३२४ असतो. असा वक्र जसाच्या तसा कोणी साठवत नाही. कर्नल एक जवळपासचा वक्र ठेवते आणि ‘इतक्या अंतरात असलेले एकच मानावे’ अशी सहनमर्यादा लावते. कॅडमध्ये कडा एकच असते, फट दिसत नाही. पण रूपांतर करणारे साधन प्रत्येक पृष्ठभागाचे स्वतंत्र त्रिकोण पाडू लागले, तर एकाच कडेवर एका बाजूला १२ बिंदू येतात, दुसऱ्या बाजूला १७, आणि मधे केसाएवढ्या भेगा पडतात. म्हणून शिवण त्रिकोण पाडण्याआधी घालायची. नंतर जवळचे बिंदू वेल्ड करून (एकात मिळवून) भेग कदाचित बुजते, पण ते सरसकट केले तर कोपऱ्यांवरचे वेगवेगळे नॉर्मलही एक होतात आणि चौकोनी ठोकळा साबणाच्या वडीसारखा दिसतो. नॉर्मल मूळ पृष्ठभागाच्या गणितातून घ्यावेत, त्रिकोणांवरून पुन्हा काढू नयेत.

त्रिकोण किती पाडायचे हे बहुधा जीवा-विचलनाने, म्हणजे खरा वक्र आणि त्याच्या जागी आलेली सरळ रेषा यांतल्या सर्वांत मोठ्या अंतराने, ठरते. त्रिज्या आर आणि भाग एन असतील, तर विचलन = आर × (१ − कोज्या(१८०° ÷ एन)). मर्यादा ०.१ मिमी ठेवली तर २.५ मिमी त्रिज्येला १२ भाग लागतात, १० मिमीला २३ आणि ५०० मिमीला १५८. मोठ्या आकारांसाठी हा हिशेब उत्तम. पण १ मिमीच्या फिलेटला (कडेला दिलेल्या गोलाईला) पूर्ण वर्तुळाचे ७च भाग मिळतात, म्हणजे पाव वर्तुळाच्या फिलेटला जेमतेम दोन पट्ट्या. म्हणून कोनाची मर्यादा जोडीला देतात. १५ अंश दिले तर त्याच फिलेटला ६ पट्ट्या येतात, आणि फिलेट हजारोंनी असतील तर तिथेच त्रिकोणांचा पूर येतो. दोन्ही आकडे सगळ्या मॉडेलला एकच लावणे ही सर्रास होणारी चूक आहे.

आटे हे याचे टोकाचे उदाहरण. एम ८ बोल्ट, पिच १.२५ मिमी, आटे ३० मिमी लांब: एकूण २४ फेरे. फेऱ्याला २४ भाग, आट्याच्या चार पट्ट्या आणि प्रत्येक खंडाला दोन त्रिकोण धरले तर ४,६०८ त्रिकोण होतात. असे २०० बोल्ट म्हणजे ९,२१,६००. आटे काढून साधा २४ भागांचा दंडगोल ठेवला तर दोन्ही टोकांसह ९२ त्रिकोण पुरतात आणि आट्यांचा भास नॉर्मल मॅप (नॉर्मलच्या दिशा साठवलेले चित्र) देतो. हे काम कॅडमध्येच करावे. तिथे आटा हे मॉडेल बांधण्याच्या पायऱ्यांच्या झाडातले एक फीचर असते, दाबून टाकता येते. त्रिकोण झाल्यावर तो ओळखणेही कठीण.

एककांचा आणि अक्षांचा घोळही वारशाचाच. कॅड बहुधा मिलिमीटरमध्ये आणि उजव्या हाताच्या अक्षांत (तीन अक्षांच्या दिशा उजव्या हाताच्या बोटांप्रमाणे) असते. युनिटीत एक एकक म्हणजे १ मीटर, अनरीलमध्ये १ सेंटिमीटर, आणि दोन्ही डाव्या हाताच्या अक्षांत. त्यातही युनिटीत वाय वर, अनरीलमध्ये झेड वर. उजव्याचे डावे करताना आरशासारखा पलट होतो. तो पलट करून त्रिकोणातल्या बिंदूंचा क्रम उलटवला नाही, तर पुढची बाजू मागची ठरते आणि इंजिन ती काढतच नाही. पत्रे गायब होतात ते असे. पलट राहून गेला असेल तर नेमप्लेटवरची उलटी अक्षरे चुगली करतात, म्हणून तपासणी तिथूनच सुरू करावी.

बराच काळ प्रवास कॅड, मग एखादे त्रिमितीय चित्रणाचे सॉफ्टवेअर, मग एफबीएक्स फाइल असा चाले. त्यात युनिटीची १६ बिटांची मर्यादा असल्याने एका मेशमध्ये (त्रिकोणांच्या जाळीत) ६५ हजारांच्या आसपासच शिरोबिंदू मावत आणि मोठा भाग तुकड्यांत फुटे. ही मर्यादा २०१७.३ आवृत्तीत उठली. २०१८च्या सुमारास आलेल्या डेटास्मिथ या आयात-साधनाने अनरीलमध्ये कॅड फाइल थेट घेण्याची वाट रुळवली. २०२२मध्ये अनरील ५सोबत दाट मेश हाताळणारी नॅनाइट यंत्रणा आली, आणि त्रिकोण कमी करण्याची गरज संपली असा समज पसरला.

तो अर्धाच खरा आहे. नॅनाइट दाट मेश पेलते, पण बोल्टच्या २०० प्रती एकाच मेशच्या प्रती म्हणून आल्या की २०० वेगळ्या मेश म्हणून, हे आयात करतानाच ठरते. कव्हरच्या आतले कधीही न दिसणारे भाग मेमरीत जागा खातातच. कॅडमधले मेट (भाग एकमेकांशी कसे जोडलेत याच्या अटी) हरवतात. भागाचा पिव्हट (ज्या बिंदूभोवती तो फिरतो) असेंब्लीच्या मूळबिंदूवर राहिला, तर गिअर स्वतःभोवती न फिरता दूरच्या बिंदूभोवती गरगरतो. तो अक्षावर आणताना पार्ट क्रमांक जपावा, नाव बदलू नये. डिझाइनची पुढची सुधारित आवृत्ती आली की लावलेले मटेरियल आणि पिव्हट त्याच नावावरून नव्या भागाला चिकटवता येतात.